जमुनाबाईच्या कोपराएवढं टेबल

रोशनच्या पोरीचं नाव ठेवलं, ते साल. करोना सरून दुसरा हिवाळा लागला होता. धान कापून बांध्यांमध्ये कडपा पडल्या होत्या. झामसिंगच्या आंगणात पहिल्या नातीचं नाव भाग्यश्री ठेवून पाव्हणे जेवायला बसले, आणि हात वाळायच्या आत शाळेतून सांगावा आला की जंगलाचा नकाशा घेऊन साहेब आले आहेत, सगळ्यांनी चला. माणसं तोंड पुसत उठली. इतकी वर्षं जो कागद आला नाही, तो नेमका पंगतीवर आला.

केशोरीहून आत जंगलाकडे वळलं की तलावाच्या पाळीमागे हा टोला लागतो. घरं बहुतेक गोंडांची. ज्या जंगलात मोह वेचायचा, तेंदूपत्ता तोडायचा, ढोरं चारायची, त्यावर गावाचा हक्क लिहून मिळावा म्हणून ग्रामसभेनं अर्ज केला होता. सभेचा सचिव रोशन. त्याचा बाप झामसिंग जन्मभर कूपावर, म्हणजे जंगलखात्याच्या लाकूडतोडीवर, मजुरीला गेलेला, आणि लाकडाच्या डेपोतल्या मिस्त्रीच्या हाताखाली सुतारकाम शिकलेला. गावातली दारं, नांगर, बंडीची जुवं त्याच्याच हातची.

शाळेच्या ओसरीत टेबल मांडलं होतं. मागे खुर्च्या, खुर्च्यांवर साहेब आणि त्यांची माणसं. समोर सतरंजी, सतरंजीवर गाव. नकाशा टेबलावर पसरलेला. खाली बसलेल्या माणसाला त्यातलं काय दिसणार? कागदाची लोंबणारी कड दिसत होती, आणि टेबलाच्या पोटातलं कोळ्याचं जाळं. साहेब बोट फिरवून सांगत होते, हद्द इथून गेली, तिथून वळली, आणि गाव वर पाहून मान हलवत होतं.

जमुनाबाई गावातली सगळ्यात म्हातारी. नाल्यापल्याडच्या मोहांखाली तिचा जन्म गेला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि नकाशा बघायला पुढे झाली. साहेब म्हणाले, बैठ जाओ माताजी, सबको बताया जाएगा. ती बसली. थोड्या वेळानं परत उठली, तेव्हा शिपायानं खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. रागानं नाही, सवयीनं. ढोराच्या पाठीवर हात ठेवावा तसा. मग अंगठे झाले, सह्या झाल्या, चहा झाला.

उन्हाळ्याच्या तोंडावर नकाशाची नक्कल रोशनच्या हाती आली, तेव्हा कळलं की हद्दीची रेघ नाल्याच्या अलीकडच्या काठानं गेली आहे. नाल्यापल्याडचे मोह, तिथला तेंदू, जमुनाबाईच्या सासऱ्यानं वणव्यापासून राखलेला सगळा पट्टा बाहेर. आणि कागदाखाली गावाचेच अंगठे.

मग ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडलं. कोणी म्हणे साहेबानं फसवलं, कोणी म्हणे रोशननं नीट वाचायला पाहिजे होतं. झामसिंगच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट ठणकत राहिली. जंगल आमचं, त्याचा नकाशा आमच्याच डोक्याच्या वर पसरला, आणि आम्ही पोट्ट्यांवानी खाली बसून टेबलाचं पोट पाहत राहिलो. जमुनाबाई उठली तेव्हा गावातला एकही बाप्या तिच्यासोबत उठला नाही. या गोष्टीनं त्याला भाकर गोड लागेना.

ग्रामसभेत दुरुस्तीचा अर्ज करायचं ठरलं. सगळं ठरून माणसं उठायला लागली, तेव्हा तो म्हणाला, "अर्ज लिवा. पन पुढच्या टायमाले टेबल आपलं राहीन. आपल्या उंचीचं."

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला राग आला आहे, दोन दिवसांत उतरेल. उतरला नाही. मागच्या आंधीत एक जुना सागवान आडवा झाला होता. तो झामसिंगनं ग्रामसभेकडून ठराव करून मागून घेतला, पाळीवर चिरला, सावलीत रचला आणि पावसाळा जाईपर्यंत त्याला हात लावला नाही. रोज जाऊन फळ्या उलटायच्या तेवढ्या उलटायचा.

लाकूड वाळल्यावर उंचीचा प्रश्न आला. झामसिंग उठून जमुनाबाईच्या घरी गेला. तिला ओसरीत मांडी घालून बसवलं, हात कोपरात दुमडायला सांगितला, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत बांबूची कमची लावून त्या कमचीवर चाकूनं खूण केली.

म्हातारी म्हणाली, "मले मोजून काऊन रायला गा? तिरडी करतं का माजी?"

"तिरडीले उंची कोन मोजते, मावशी?"

"मंग खाट करत असशीन. इतकी ठेंगनी खाट मले नोको. कुत्रा येऊन झोपते."

ती कमची त्यानं शेवटपर्यंत छपराच्या वळचणीला खोचून ठेवली. फुटपट्टी त्याच्याकडे होती, पण या टेबलाला ती लावली नाही. ज्या बाईला खाली बसवलं तिच्याच कोपरावर टेबल उभं राहील, हे त्यानं मनाशी धरलं होतं.

संध्याचा बाप लखन रोज चक्कर टाकायचा. संध्या रोशनची बायको, म्हणजे लखन झामसिंगचा इवाई, आणि इवायांमध्ये थट्टा नाही झाली तर त्या सोयरिकीत मीठ नाही. लखन खालच्या आळीत राहायचा. तंबाखू मळत उभा राहायचा आणि टेबलाच्या पायांच्या लांबीकडे बघत विचारायचा, "इवाई, टेबल करून रायले का बसाचा पाट?"

"टेबल."

"मंग याचे पाय उदईनं खाल्ले का जी?"

 झामसिंग कूस काढत असायचा. आडव्या पट्टीच्या टोकाला जी जीभ काढतात, ती कूस. ती पायातल्या आरपार भोकात जाते आणि पलीकडून डोकावते, मग तिच्या टोकाला चीर देऊन पाचर ठोकायची. ठोकली की सांधा हत्तीनं ओढला तरी सुटत नाही. पण पाचर ठोकायच्या आधीचं काम मोठं. कुशीला दिव्याचं काजळ लावायचं, भोकात घालायची, काढायची, भोकात काळं जिथं उमटलं तिथं लाकूड लाकडाला घासतं हे समजायचं, आणि तेवढंच छिलायचं. पुन्हा काजळ, पुन्हा घालणं, पुन्हा काढणं. संध्या म्हणायची, बाबा, तुमी त्या लाकडाले काजळ लावून रायले, अथी पोरीले लावाले उरलं नाई. खिळा, स्क्रू त्यानं कुठंच लावला नाही. त्यात देवाधर्माचं काही नव्हतं. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आटतं, आणि मध्ये लोखंड घुसलेलं असलं की ते त्याच्याभोवतीच फाटतं.

टेबलाच्या अंगावर पानं जडवायची ही कल्पनाही त्याचीच. गावातल्या प्रत्येक कुळाचं एक झाड आहे. त्या त्या झाडाच्या लाकडाचं एकेक पान कापायचं आणि फळीवर गोल कडं करून बसवायचं, म्हणजे टेबल कोणाच्या घरचं नाही, गावाचं. आता यात एक रीत येते. ज्याच्या कुळाचं जे झाड, त्याला तो माणूस कुऱ्हाड लावत नाही, पटाशी लावत नाही, त्याची काडी चुलीत घालत नाही. ते झाड त्यानं राखायचं. त्याचं काम करायचंच पडलं तर सग्यानं करायचं, म्हणजे ज्या कुळाशी आपली सोयरीक होते त्या कुळातल्या माणसानं. लग्नातली कामं सगा करतो, मरणातली कामं सगा करतो, तसंच हे.

म्हणून टेबलाचं काम एकट्या झामसिंगचं राहिलं नाही. आज मोहाचं पान येई, उद्या कुसुमाचं, परवा बीज्याचं, आणि प्रत्येक पान त्या कुळाच्या सोयऱ्यानं आपल्या हातानं कापलेलं. कोणाचं जाड, कोणाचं वाकडं. तेंदूच्या गाभ्याचं काळंभोर पान एकानं असं कापून आणलं की लखन म्हणाला, हे पान नाई गा, हे चप्पल होय. झामसिंगनं एकही पान सरळ केलं नाही. जसं आलं तसं फळीवर ठेवायचा, भोवती सुईनं रेघ मारायचा आणि पानाच्या वाकडेपणाप्रमाणे त्याचं घर कोरायचा. पळसावरची लाख वितळवून त्या घरात ओतायची, पान दाबून बसवायचं, वर दगड ठेवायचा. लाख थंड झाली की नख लागेल इतकीही फट राहायची नाही.

कडं पूर्ण झालं, एक जागा सोडून. ती जागा हळदूची. हळदू झामसिंगच्या कुळाचं झाड. पिवळं जर्द लाकूड, बदामाच्या आकाराचं पान. ते कापायचं लखननं. आणि लखन अडून बसला.

तो म्हणाला, सग्याचं काम आहे तर सग्यासारखं बोलवा. मोहाची हंडी काढा, पाट मांडा, पाय धुवा, मग मी चाकू धरतो. झामसिंग म्हणाला, टेबल गावाचं आहे, लग्न नाही. बाकीच्यांनी चहावर पानं कापली. लखन म्हणाला, बाकीच्यांच्या पोरी तुमच्या घरी नांदत नाहीत. आता यात कोण चुकलं? दोघंही. एक हंडी काढली असती तर दोन्ही म्हातारे त्याच संध्याकाळी गळ्यात गळे घालून बसले असते. पण याचा ताठा त्याच्यापेक्षा जास्त, आणि त्याचा याच्यापेक्षा. फळीला टोरीचं, मोहाच्या बियांचं तेल पाजून झालं, सागवान मधासारखा चमकायला लागला, टेबल शाळेच्या ओसरीत नेऊन ठेवलं, आणि कड्याच्या डोक्याशी एक जागा कोरी राहिली.

दिवाळी झाल्यावर झामसिंगची बहीण शामकला आमगावला घरात पाय घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. तो तिच्याकडे गेला आणि तिचं करायला कोणी नव्हतं म्हणून राहिला. इकडे रोशनला फोन आला की दुरुस्तीच्या अर्जावर साहेब परवा गावात येतात.

रोशन काही वाईट पोरगा नव्हे. पण त्यानं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते, आणि उंबरे झिजवता झिजवता माणसाची मान कधी वाकते ते त्यालाच कळत नाही. त्याला वाटलं, साहेबाला जमिनीवर बसवलं तर त्याला अपमान वाटेल, आणि अपमान वाटला तर नाला गेला. आधी काम करून घेऊ, मग टेबलाचं पाहू. त्यानं बापाला फोन केला नाही. सासऱ्याला सांगितलं. लखन मोटारसायकलवर सडक अर्जुनीला गेला, हायवेवर जिथं ट्रकांच्या फळक्यांना वेल्डिंग करतात तिथून लोखंडी पाईपचे चार पाय जोडून, चांदीचा रंग मारून घेऊन आला, आणि त्या टेबलाच्या सागवानी पायांना पट्ट्या लावून, स्क्रू पिळून खाली ठोकले. झामसिंगचं टेबल साहेबाच्या खुर्चीला लागेल एवढं झालं.

आणि याच हातानं त्यानं आणखी एक गोष्ट केली. ती कोरी जागा त्याला बरेच दिवस टोचत होती. दोन्ही दिवस बसून त्यानं चाकूनं हळदूचं पान कापलं, घर कोरलं, लाख ओतली आणि पान बसवलं. हंडी नाही, पाट नाही. मान सोडून केलं. इवाई आला की खूश होईल, असं त्याला खरोखर वाटत होतं. मग रोशननं त्यावर पांढरी चादर घातली.

सभेच्या दिवशी दुपारी झामसिंग बसमधून उतरला. शामकलाला प्लास्टर घालून, तिच्या सुनेला बोलावून तो मोकळा झाला होता. शाळेपुढे गाडी पाहून तो घरी न जाता पिशवीसकट तिकडेच वळला. ओसरीत खुर्च्या, खुर्च्यांवर साहेब, शेजारी रोशन. समोर सतरंजी, सतरंजीवर गाव. पुढच्या रांगेत जमुनाबाई मान उंच करून बसलेली, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. एक क्षण त्याला वाटलं की सालच बदललं नाही. मग त्यानं ते चांदीचे पाय पाहिले. कुठलं टेबल आणलं म्हणून तो वाकून बघतो, तर चादरीखालून सागवानाची कड, आणि पायातून डोकावणारी कूस, तिच्यातली पाचर. स्वतःच्या हातची.

त्याचं डोकं सणकलं म्हणणं कमी आहे.  माणूस कोणाच्या पोराला मांडीवर घेऊन वाढवतो आणि एक दिवस बाजारात त्याला तमाशाचे कपडे घालून नाचवताना पाहतो, तसं झालं.  त्यानं पिशवी खाली ठेवली. टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या उचलून खिडकीत ठेवल्या. नकाशा उचलला आणि जमुनाबाईच्या मांडीवर दिला. चादर काढून घडी केली, ती रोशनच्या हातात दिली. मग सतरंजीवर बसलेल्या लखनकडे हात पुढे केला.

लखनच्या खिशात पेचकस होता. त्यानं तो दिला, आणि खाली पाहिलं.

साहेबांनी हिंदीत विचारलं की हे काय चाललं आहे. रोशन म्हणाला, बाबा, सभा होऊ द्या, मंग काढा. झामसिंग टेबलाखाली बसून स्क्रू उलटे पिळत होता. तिथूनच म्हणाला, "साहेब, बसा खाली. नकाशा जमिनीचा हाय, जमिनीवर पाहू."

स्क्रू गच्च बसले होते. एक निघाला, दुसरा निघेना. साहेब थोडा वेळ थांबले, घड्याळ पाहिलं, म्हणाले की मला सडक अर्जुनीत दुसरी सभा आहे, तुमच्या गावाचं आधी ठरू द्या, पुढची तारीख कळवतो. नकाशा जमुनाबाईच्या मांडीवरून उचलला गेला. तिला चष्मा सापडेपर्यंत गाडी निघून गेली.

गाव झामसिंगवर तुटून पडलं. ज्या माणसांनी पानं कापली होती तीही. रोशन आंगणात बापासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडून बापासमोर कधी आवाज निघाला नव्हता, तो त्या दिवशी निघाला.

"हातभर उंचीपायी तारीख गेली, बाबा. आता कधी येतीन ते? जमुनाआजी काय जन्मभर बसून राहनार हाय का?"

"बसलीच होती ते," झामसिंग म्हणाला. "तूच टेबल चढवलं तिच्या डोस्क्यावर."

"काम झालं असतं."

"मागंबी झालं होतं काम. अंगठेबी झाले होते."

रोशनला ते पटलं नाही. बापलेकांचं बोलणं तुटलं. मध्ये संध्या उभी, कडेवर भाग्यश्री, एक घास इकडे एक घास तिकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी झामसिंगनं टेबल घरी आणून आंगणात उलटं घातलं. चारही पायांत लोखंडाची भोकं. एका पायात स्क्रू थेट कुशीत घुसला होता आणि पाय उभा तडकला होता. तो बराच वेळ त्या तडकलेल्या रेघेवरून अंगठा फिरवत बसला. मग टेबल सुलटं केलं, आणि तेव्हा पहिल्यांदा त्याला ते पिवळं पान दिसलं. काल चादर काढताना रागात दिसलं नव्हतं.

लखन कुंपणाशी येऊन उभा होता. आत यायचं की नाही या विचारात.

"काढ ते," झामसिंग म्हणाला. इवायाशी बोलतानाचं रोजचं 'जी' गेलं होतं.

"काय?"

"पान. लोखंडाच्या टांगेवर उभं करून बसवलं तू माझं झाड. मले नाई पाहिजे ते."

"मी मान न घेता बसवलं, इवाई."

"म्हनूनच काढ."

लखननं तंबाखू थुंकला. आत आला, टेबलाजवळ उकिडवा बसला. पानावरून तळहात फिरवला. मग म्हणाला, "नाई काढत."

झामसिंगनं पटाशी उचलली. पानाच्या कडेला लाखेची बारीक रेघ होती, तिच्यात टोक घातलं की एका ठोक्यात पान उडालं असतं. त्यानं टोक तिथवर नेलं. आणि हात थांबला. ते हळदू होतं. त्याच्या बापानं त्या झाडाची वाळकी फांदीसुद्धा उचलली नव्हती, रस्त्यात पडली असली तर वळसा घालून गेला होता. त्याला पटाशी लावायची नाही, मग ती रागात लावा की प्रेमात.

लखन त्याच्याकडे बघत होता. त्याला आधीपासून माहीत होतं. "बसवाचा हक्क माजा, काढाचाबी माजाच," तो म्हणाला. "लोखंडाचं चुकलं माझं. सगळ्या गावासमोर म्हन तं म्हनतो. पन पान राहीन."

"मंग त्या पायाचं काय?"

"पाय तू कर. मी करवतीचं दुसरं टोक धरतो."

 इतका राग डोक्यात असताना, ज्याच्यावर राग आहे त्याच्याचशिवाय आपलं काम अडतं, याच्यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. दोन-चार दिवस त्यानं लखनला दारात उभं राहू दिलं. मग एका सकाळी करवतीचं दुसरं टोक त्याच्याकडे ढकललं. दोघांनी मिळून तडकलेला पाय काढला, नवा घातला, पुन्हा काजळ, पुन्हा पाचर.  बाकीच्या तीन पायांतली स्क्रूची भोकं लखन लाखेनं बुजवायला निघाला, तर झामसिंगनं त्याचा हात धरला. राहू दे म्हणाला. दिसू दे. रोशन टेबलाजवळून जायचा तेव्हा त्याची नजर आपोआप त्या भोकांकडे जायची, आणि झामसिंग ते बघायचा. माफ करायला त्याला घाई नव्हती.

पुढची तारीख यायला तेंदूपत्त्याचा हंगाम उजाडला. तोवर जमुनाबाई दोनदा अंथरुणाला खिळली आणि दोनदा उठली. गावानं झामसिंगला तेवढे दिवस सुखानं पाणी पिऊ दिलं नाही. म्हातारी खोकली की माणसं त्याच्याकडे बघायची.

साहेब तेच होते. ओसरीत खुर्ची नव्हतीच. या वेळी रोशननं त्या मागवल्याच नव्हत्या, आणि बापाला तसं सांगितलंही नव्हतं. सतरंजीच्या मधोमध टेबल, भोवती गाव. साहेब उभे राहिले, टेबलाकडे पाहिलं, म्हणाले, घुटना नहीं मुडता मेरा. झामसिंग आत गेला आणि शाळेतला स्वयंपाकीणबाईचा पिढा आणून ठेवला. लखन हळूच म्हणाला, या टेबलाले शेवटी पाट लागलाच. साहेब कण्हत कण्हत पिढ्यावर बसले.

जमुनाबाईला दोघींनी धरून आणलं. तिनं मांडी घातली आणि कोपर टेबलावर ठेवलं. बरोबर बसलं. कुठं उचलावं लागलं नाही, कुठं वाकावं लागलं नाही. नकाशा पसरला. तिनं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि बोट ठेवलं ते सरळ तलावात. म्हणाली, ही माजी पहाडी. सगळे हसले. तीही हसली. मग तिनं साहेबाला न विचारता नकाशाच दोन्ही हातांनी फिरवला, आपल्या घराचं तोंड जिकडे तिकडे त्याचं तोंड केलं. पुन्हा पाहिलं. आता बोट नाल्यावर गेलं, नाल्याच्या पल्याडच्या अंगानं हळूहळू सरकत वर गेलं, आणि तिच्यामागून दहा बोटं आली. कोणी म्हणे अथून नाई, तथून. कोणी म्हणे त्या दगडापासून. भांडण लागलं, खरं भांडण, नकाशावर वाकून, एकमेकांच्या डोक्याला डोकी लागून. वर कोणीच पाहत नव्हतं. साहेबांनी पेन्सिल काढली आणि नाल्यापल्याडून नवी रेघ ओढली. गावासमोर पंचनामा झाला. या वेळी अंगठा द्यायच्या आधी प्रत्येकानं ती रेघ पाहिली.

सभा उठली तेव्हा रोशन टेबल पुसायला लागला. पुसता पुसता एका पायाशी थांबला आणि स्क्रूच्या भोकात बोट घातलं. झामसिंग म्हणाला, "सांजच्याले लाख वितळव. बुजवून टाक." एवढंच.

त्याच आठवड्यात एका पेपरात फोटो आला. साहेब पिढ्यावर बसलेले, खाली लिहिलेलं की अधिकाऱ्याचा साधेपणा, आदिवासींसोबत जमिनीवर बसून ऐकल्या समस्या. नाल्याचं नाव नाही, रेघेचं नाव नाही. टेबलावर एक सुरकुतलेला हात आणि एक बोट तेवढं आलं आहे. बाकी जमुनाबाई कापली गेली. लखननं तो पेपर झामसिंगसमोर वाचला, तेव्हा झामसिंगला पुन्हा तीच तिडीक आली. एक माणूस एक दुपार खाली बसला तर त्याचा फोटो. बाई जन्मभर खाली बसली, तिला एकदा उठायला मिळालं नाही, त्याचं कुठं काय छापलं? त्यानं पेपर मागून घेतला. फाडेल असं लखनला वाटलं. पण त्यानं पटाशीनं फोटोतून तो हात तेवढा कापून काढला, आणि जमुनाबाईच्या मापाची कमची जिथं खोचली होती तिथंच खोचून ठेवला.

पेन्सिलच्या रेघेची शाई अजून झालेली नाही. रोशन कचेरीत जातो, तर सांगतात की साहेब बदलून गेले, नवे पाहतील. टेबल शाळेच्या ओसरीत आहे. सागवान काळवंडत चालला आहे, हळदूचं पान पिवळंच आहे. रोशनलाही आता उभ्यानं बोलायची सवय लागली आहे, नव्या साहेबासमोर त्यानं खुर्ची घेतली नाही आणि मानही खाली घातली नाही. कागद येईल तेव्हा तो त्याच टेबलावर उघडायचा, हे ग्रामसभेनं ठरवून ठेवलं आहे. तिथं एक जागा रिकामी सोडतात.

जमुनाबाई दोन हजार चोवीस साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या सकाळी वारली.